रनाळ्याचा तारा, ताहितीची वाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्तमानपत्राच्या सहलींच्या पानावर कधीकधी एक चित्र दिसते. निळे-हिरवे पाणी, माडांची रांग आणि पांढऱ्या शिडाची नौका. पॅसिफिक महासागरात ताहितीजवळ रायआतेआ नावाचे बेट आहे. तिथे अशी नौका भाड्याने मिळते. शिडे सांभाळता येत असतील तर स्वतः हाकायची, नाहीतर कप्तान सोबत घ्यायचा आणि हुआहिने, ताहा, बोरा बोरा अशी बेटे पाहत हिंडायचे. आमच्या रनाळ्याचा माणूस हे पान उलटून टाकील. पाणी म्हटले की आम्हाला विहिरीचा तळ आठवतो. समुद्राशी आमचे नाते इतकेच की सुरत-बऱ्हाणपूरची जुनी वाट नंदुरबारवरून जायची आणि हजचे यात्रेकरू सुरतेला जहाजात बसायचे.

पण ज्या रायआतेआला आज प्रवासी नौकेत चढतो, तिथलाच एक माणूस १७६९ साली एका इंग्रज जहाजावर चढला होता. त्याचे नाव तुपाइया. तो पुरोहितही होता आणि दर्यावर्दीही. कॅप्टन कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजावर त्याने आपल्या माहितीतल्या बेटांचा नकाशा करवला. त्यात सत्तरहून अधिक बेटे होती. जहाज कुठेही असो, ताहिती कोणत्या दिशेला आहे ते तो अचूक दाखवी, अशी नोंद आहे. न्यूझीलंडच्या माओरींना त्याची भाषा कळली, म्हणून कुकचे काम सोपे झाले. पुढच्याच वर्षी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, तो आजाराने गेला. कुकचे नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, तुपाइयाचे नसते.

एवढ्यावर थांबले नाही. विसाव्या शतकात काही पंडित म्हणू लागले की हे लोक वाऱ्याने भरकटत बेटांना लागले असावेत, त्यांना दिशांची विद्या कुठली! उत्तर वादविवादाने मिळाले नाही, होडीने मिळाले. १९७६ साली ‘होकुलेआ’ नावाची जुन्या धर्तीची जोडहोडी हवाईहून ताहितीला निघाली. होकायंत्र नाही, नकाशा नाही. वाट दाखवणारे माऊ पियाइलुग हे सातावाल बेटावरचे. तारे, लाटांची चाल आणि पक्षी पाहत महिनाभराने होडी ताहितीला पोचली.

या वाटाड्यांच्या ताऱ्यांत दक्षिणेचा एक तेजस्वी तारा आहे. माओरी त्याला अतुताही म्हणतात. आपण अगस्त्य म्हणतो, समुद्र पिऊन टाकणारा ऋषी. अरबीत तो सुहैल. आमच्याकडे मुलाचे नाव सुहैल ठेवतात. तो तारा आकाशात कुठे असतो, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. अगस्त्य उगवला की पाऊस ओसरतो म्हणतात, आणि सुहैल दिसला की अरबांचा कडक उन्हाळा उतरतो. तारा तोच, दिवसही जवळजवळ तेच.

आता मुंबईकडे येऊ. १९६४ साली मुंबईत बत्तीस फुटांची एक सागवानी नौका पाण्यात उतरली. तिचे नाव ‘सुहेली’. अरब खलाशांनी आग्नेय वाऱ्याला दिलेले हे नाव. शब्दात सुहैल बसलेलाच आहे. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून एकटा निघाला आणि २२ एप्रिल १९६९ला कुठेही न थांबता पृथ्वी फिरून परतला. असे करणारा तो पहिलाच माणूस. ज्या सुतारांनी ते सागवान तासले त्यांचीही नावे सांगणारा कोणी भेटत नाही. त्याच शर्यतीत बेर्नार मॉइतेसिए हा फ्रेंच माणूस जिंकण्याच्या बेतात होता. पण त्याला परतायचेच नव्हते. केपटाऊनजवळ त्याने गलोलीने एका जहाजावर चिठ्ठी फेकली, शर्यत सोडली, आणि जून १९६९मध्ये थेट ताहितीला जाऊन नांगर टाकला. मला कवी म्हणून जिंकलेल्यापेक्षा हा जवळचा वाटतो.

आपल्या लोकांनी एकट्याने ही परिक्रमा करावी, हा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा. निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णीला राहिले. तेही आमच्यासारखेच कोरडे गाव! त्यांच्या आग्रहातून गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ तयार झाली. तिचा आराखडा डच होता आणि त्याचे नाव ‘टोंगा ५६’. टोंगा हे पॉलिनेशियातले बेटांचे राज्य. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन मुंबईहून एकटे निघाले, वाटेत चार बंदरांना थांबले, आणि १९ मे २०१०ला पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले एकांडे भारतीय नाविक ठरले. गंमत अशी की टोंगाच्या नावाची ही नौका त्या फेरीत टोंगाला गेलीच नाही. न्यूझीलंडहून दक्षिणेच्या थंड, खवळलेल्या पाण्यातून केप हॉर्नकडे वळली.

रनाळे आणि हवाईचे होनोलुलू जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साधारण साडेएकवीस अंश उत्तर. म्हणून ध्रुवतारा दोन्हीकडे सारखाच उंच दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश झाकते. ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर आहे. होडी दक्षिणेला निघाली की ध्रुव खाली उतरत जातो आणि विषुववृत्तापाशी बुडतो. अगस्त्य मात्र चढत जातो. ताहितीला तो साडेपाच मुठी वर येतो. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जा. व्याधाच्या बरेच खाली, दक्षिणेच्या शेतांवर दीड मूठ वर तो उभा असेल. होनोलुलूला रात्र झाली की तोच, तेवढ्याच उंचीवर.