डोव्हरचा खटला : विज्ञानाचा तास आणि सृष्टीचा कर्ता



आपल्या मुलांना बाहेर एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्ही बौद्ध लोक देव मानत नाही ना? मग हे जग कोणी बनवलं?" घड्याळ आहे म्हणजे घड्याळ बनवणारा असलाच पाहिजे, हा त्याचा पुढचा भाग. साच्याला कारागीर लागतो हे आम्हा गिरणी कामगारांना कोणी सांगायला नको. पण साच्याला पोरं होत नाहीत. ज्यांना होतात त्या जीवांत पिढी दर पिढी बारीक फरक पडत जातो, आणि त्यातले टिकणारे टिकतात. चार्ल्स डार्विनने १८५९ साली मांडलेली ही गोष्ट त्या प्रश्नात येतच नाही. याच घड्याळाच्या युक्तिवादावर २००५ साली अमेरिकेत खटला चालला. त्याची हकिकत आपल्या घरांत माहीत असावी म्हणून हा लेख.

हे भांडण तिकडे जुनं आहे. १९२५ साली टेनेसी राज्यातल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवली म्हणून शंभर डॉलर दंड झाला. (पुढे तांत्रिक कारणावरून तो रद्द झाला, पण कायदा १९६७ पर्यंत तसाच होता.) १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांती शिकवण्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. मग उत्क्रांतीबरोबर बायबलमधली सृष्टीची उत्पत्तीही 'विज्ञान' म्हणून शिकवा, असा आग्रह सुरू झाला. १९८७ मध्ये न्यायालयाने तोही मोडून काढला. सरकारी शाळेत सरकारने कुठल्याही धर्माची बाजू घ्यायची नाही, हे तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचं तत्त्व आहे.

आता देवाचं नावच घ्यायचं नाही, असं ठरलं. सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती कोणा बुद्धिमान रचनाकाराशिवाय होणार नाही, एवढंच म्हणायचं. तो रचनाकार कोण, यावर गप्प राहायचं. याला नाव मिळालं 'इंटेलिजंट डिझाइन'.

पेनसिल्व्हेनिया राज्यात डोव्हर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शाळा मंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला. नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचायचं : डार्विनचा सिद्धांत हा सिद्धांतच आहे, त्यात उणिवा आहेत, आणि इंटेलिजंट डिझाइनची माहिती 'ऑफ पांडाज अँड पीपल' या पुस्तकात मिळेल. त्या पुस्तकाच्या साठ प्रती शाळेत येऊन पडल्याच होत्या. चर्चमध्ये वर्गणी काढून त्या घेतल्या होत्या, हे पुढे कोर्टात उघड झालं. विज्ञानाच्या शिक्षकांनी निवेदन वाचायला साफ नकार दिला. नोकरीवर असताना असं म्हणायला किती धाडस लागतं, ते नोकरी करणाऱ्यालाच कळतं. शेवटी जानेवारी २००५ मध्ये शाळेचे अधिकारी स्वतः वर्गात येऊन ते वाचून गेले.

अकरा पालकांनी दावा लावला. पहिलं नाव टॅमी किट्झमिलर या आईचं. २६ सप्टेंबर २००५ पासून हॅरिसबर्गला सुनावणी चालली.

या सुनावणीतल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. बार्बरा फॉरेस्ट या विदुषींनी त्या 'पांडाज' पुस्तकाचे जुने खर्डे कोर्टापुढे ठेवले. १९८७ च्या निकालाआधीच्या खर्ड्यांत 'क्रिएशन' म्हणजे 'ईश्वरी निर्मिती' या अर्थाचे शब्द होते. निकालानंतर सुमारे दीडशे ठिकाणी ते खोडून 'इंटेलिजंट डिझाइन' घातलं. व्याख्या मात्र तीच राहिली! एका जागी घाईत अर्धा जुना शब्द तसाच राहून नव्या शब्दात मिसळला होता. पाटी बदलली, दुकान तेच.

दुसरी गोष्ट मायकेल बेही यांची. हे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक मंडळाच्या बाजूचे मुख्य साक्षीदार. उलटतपासणीत त्यांना कबूल करावं लागलं की, त्यांनी केलेली 'वैज्ञानिक सिद्धांत' याची व्याख्या लावली तर फलज्योतिषही त्यात बसतं. आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले आणि २००४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना हरकत घेतली नाही.

हा खटला आस्तिक विरुद्ध नास्तिक असा होता, असं मात्र कोणी समजू नये. पालकांच्या बाजूचे पहिले साक्षीदार जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे श्रद्धावान कॅथलिक. जॉन हॉट तर कॅथलिक धर्मशास्त्राचेच अभ्यासक. देव आहे की नाही हे प्रयोगाने तपासता येत नाही, म्हणून तो विज्ञानाच्या तासाचा विषय नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मला हे पटतं, आणि ते आपल्यालाही लागू आहे. तथागतांनी सृष्टिकर्त्या ईश्वराला थारा दिला नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते स्पष्ट केलं आहे. पण आपला धम्म विज्ञाननिष्ठ आहे असं भाषणात सांगता सांगता, विज्ञानातलं सगळं अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, इथपर्यंत आपले काही वक्ते जातात. तेही जीवशास्त्राच्या पुस्तकात घालता येणार नाही. जातककथेतला हत्ती विहारात सांगावा; हत्ती उत्क्रांत कसा झाला, ते जीवाश्म पाहून सांगावं.

२० डिसेंबर २००५ ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, धर्ममत आहे आणि ठराव घटनाविरोधी आहे. या न्यायाधीशांना रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलं होतं! निकालाआधी, नोव्हेंबरातच गावात निवडणूक होऊन ठरावाच्या बाजूचे आठ सभासद पडले होते. नव्या मंडळाने अपील केलं नाही. फिर्यादींच्या वकिलांचा खर्च म्हणून गावाला दहा लाख डॉलर मोजावे लागले.

आपल्याकडे देवाचं नाव न घेताही काम झालं. एनसीईआरटीने अभ्यासाचं ओझं कमी करायचं म्हणून २०२३ च्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला. अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि इतर नागरिकांनी सही करून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, असं उत्तर देण्यात आलं. पण दहावीनंतर आपली किती मुलं कॉमर्सला, आयटीआयला जातात! त्यांनी बारावीचं जीवशास्त्र कधी उघडायचं? बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असा आहे. केंद्रीय बोर्डाच्या शाळांत जाणारी मुलं आता आपल्याही वस्तीत आहेत. त्यांच्या आईवडिलांनी पालकसभेला जाऊन हा भाग वर्गात शिकवणार का, हे एकदा विचारावं.