शातो म्युझार: बेका खोऱ्यातील द्राक्षे, डोंगरापलीकडची वाइन

शातो म्युझार ही लेबनॉनची भरदार रेड वाइन. तिच्या द्राक्षबागा बेका खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर आहेत. वाइनरी मात्र बैरूतच्या उत्तरेस, किनाऱ्यालगतच्या गझीर गावी. दोहोंच्या मधे लेबनॉन पर्वताची रांग आडवी आहे. १९३० मध्ये, देश फ्रेंच अमलाखाली असताना, गास्तों होशार या तरुणाने गझीरच्या अठराव्या शतकातील गढीत काम सुरू केले, तेव्हापासूनची ही मांडणी. बेकाला वाइन नवी नव्हती. खोऱ्यातल्या बालबेक येथे रोमन काळात बांधलेले, मद्यदेव बाखसचे म्हणून ओळखले जाणारे मंदिर आजही उभे आहे.

दुसऱ्या महायुद्धात लेबनॉनमध्ये असलेले मेजर रोनाल्ड बार्टन हे फ्रान्समधील बोर्दोच्या नामांकित वाइन घराण्यातले. त्यांची आणि गास्तोंची मैत्री जमली आणि बोर्दोशी धागा जुळला. गास्तोंचा थोरला मुलगा सर्ज तिथेच वाइनशास्त्र शिकला. १९५९ पासून वाइन बनवण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि म्युझारला आजचे रूप त्यानेच दिले. काबर्ने सोव्हिन्यों, सँसो आणि कारिन्यां ही द्राक्षे सिमेंटच्या टाक्यांत वेगवेगळी आंबवली जातात, तीही सालीवरच्या नैसर्गिक यीस्टने. मग साधारण वर्षभर ओकच्या पिंपांत मुरवण, त्यानंतर मिश्रण आणि बाटल्यांत आणखी काही वर्षे. काढणीनंतर सातव्या वर्षी बाटली बाजारात येते. दर वर्षीची चव निराळी असते. काही जाणकारांना तिच्यातला आंबूस तीक्ष्णपणा दोष वाटतो. पण ही वाइन जिवंत वाटते ती या चढउतारांमुळेच.

१९७५ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि डोंगरावरचा रस्ता हाच सर्वांत मोठा प्रश्न झाला. १९७६ मध्ये वाइन बनलीच नाही. १९८२ मध्ये इस्रायली फौजा पश्चिम बेकापर्यंत आल्या; समोर सीरियाचे सैन्य होते. तरी काढणी झाली. १९८४ मध्ये रस्ते इतके बंद होते की द्राक्षांचे ट्रक वळसे घेत कित्येक दिवसांनी गझीरला पोहोचले, आणि तोवर द्राक्षे वाटेतच आंबू लागली होती. गोळीबाराच्या दिवसांत गझीरची तळघरे लोकांच्या आसऱ्यालाही आली.

युद्धाने देशातला खप बसला, तेव्हा सर्जने परदेशाकडे पाहिले. १९७९ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या वाइन मेळ्यात ख्रिस्टीज लिलावगृहाचे मायकेल ब्रॉडबेंट यांनी म्युझारला मेळ्यातला शोध ठरवले. तिथून ब्रिटन ही तिची मोठी बाजारपेठ झाली. १९८४ मध्ये, म्हणजे ट्रक अडकले त्याच वर्षी, ‘डिकँटर’ मासिकाने आपला पहिला वार्षिक व्यक्तिसन्मान सर्जला दिला. युद्धाच्या कथेमुळे म्युझारकडे लक्ष गेले हे खरे. पण युद्ध १९९० मध्ये संपल्यावरही मागणी टिकली, ती वाइनच्या गुणामुळे.

२००६ मध्ये बागांना सेंद्रिय प्रमाणपत्र मिळाले. सर्ज होशार २०१४ च्या अखेरीस मेक्सिकोत पोहताना मरण पावले. वाइनरीचा कारभार आजही होशार कुटुंबाकडेच आहे, आणि द्राक्षे अजून डोंगर ओलांडूनच गझीरला येतात.