चासीवरची अक्षरं

जुन्नरचं नाव घेतलं की नाणेघाट आठवतो. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. दोन हजार वर्षांत त्यातली बरीच अक्षरं झिजली. उद्या कुणी त्यावर सिमेंट चोपडून भिंत गुळगुळीत केली, तर त्याला आपण दुरुस्ती म्हणू का? जुन्या जीपच्या बाबतीत मात्र असं सर्रास होतं.

जुन्नर-आंबेगावच्या चढउतारांवर जीपनं वर्षानुवर्षं माणसं वाहिली, माळवं वाहिलं. तिचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. 1941 ते 1945 या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच नमुन्याच्या सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. 1945 साली निघालेली 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी 1948 मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. तिनं विलीजची जीप आपल्याकडे रुजवली.

युद्धकाळातल्या त्या जुळ्या बहिणी ओळखायच्या कशा? चासी बघून. पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, उलट्या पन्हळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डचा नंबर तर चासीच्या डाव्या दांड्यावरच ठोकलेला असतो. इंजिन बदलतं, बॉडी बदलते. जन्माचा दाखला राहतो तो चासीवर.

पण पावसापाण्यात चासी गंजते, चिरते. वेल्डिंगआधी ड्रायव्हरच्या सीटखालची पेट्रोलची टाकी उतरवायची. चासी सपाट जागी टेकवून दोन्ही कर्ण मापायचे. गंजावर नुसतं ठिगळ लावलं तर गंज आतून खातच राहतो. म्हणून चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं. चिरेच्या टोकाला भोक पाडायचं, म्हणजे ती पुढं सरकत नाही. मग थोडा टाका या बाजूला, थोडा त्या बाजूला. एका दमात वेल्डिंग केलं तर लोखंड थंड होताना आकसतं आणि चासी वाकते.

खरा घात शेवटी होतो. सफाईसाठी ग्राइंडर फिरतो आणि नंबर पुसला जातो. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. पण चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको, ही अट घातली.

म्हणून गाडी खोलण्याआधी नंबराचा फोटो काढावा, त्या जागेला ग्राइंडर लावू नये. वेल्डिंगचा टाका दिसला तर दिसू द्यावा. तोही त्या गाडीचा इतिहासच आहे.