तारेची झणझण आणि मिरजेची जवारी



गेल्या मे महिन्यात नातीच्या युकुलेलेतून झणझण आवाज येऊ लागला. युकुलेले म्हणजे गिटारचं धाकटं भावंड, चार नायलॉनच्या तारांचं. "आबा, हे काहून असं करते?" म्हणत ती माझ्याकडे आली. तोवर तिचे बाबा पॉलिश पेपर घेऊन बसले होते. घोडी थोडी घासली की आवाज जाईल, असा चिरंजीवांचा हिशेब. मी तो कागद आधी हातातून काढून घेतला. का, ते पुढे सांगतो.

इतिहासाचा मास्तर असल्यामुळे वाद्य हाती आलं की त्याचं मूळ गाव शोधायची खोड आहे. या वाद्याचे पूर्वज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे. तिथले मजूर उसाच्या मळ्यांवर कामाला म्हणून 'रेव्हन्सक्रॅग' नावाच्या जहाजातून ऑगस्ट १८७९ मध्ये हवाईतल्या होनोलुलू बंदरात उतरले. त्यांत तीन सुतार होते. त्यांनी आपल्या गावाकडची छोटी गिटार तिथल्या लाकडात बनवली आणि तीच पुढे युकुलेले झाली. म्हणजे हे समुद्रकाठच्या दमट हवेत जन्मलेलं वाद्य, आणि आमचं चंद्रपूर मे महिन्यात ४६ अंशांच्या पुढे जाणारं!

गोम इथेच होती. कोरड्या हवेत लाकूड आटतं, वाद्याची वरची फळी किंचित खाली बसते, तिच्यावरची घोडी खाली जाते आणि तारा पडद्यांना घासू लागतात. अशा वेळी घोडी घासणं म्हणजे तार आणखी खाली आणणं. तार एकाच ठिकाणी दाबल्यावर झणझणत असेल, तर बहुधा त्याच्या पुढचा पडदा वर आलेला असतो. मोकळीच तार झणझणत असेल, तर खुंट्यांकडच्या पट्टीतली खाच खोल झालेली असते. कधी सैल खुंटी किंवा फळीला टेकलेलं तारेचं टोकही तोच आवाज करतं. आमच्याकडे चारही तारा सगळीकडे झणझणत होत्या. म्हणून वाद्य पेटीत ठेवलं, शेजारी घट्ट पिळलेला ओला स्पंज भोकं पाडलेल्या डबीत घालून ठेवला, आणि तो दर दोन दिवसांनी ओला करत राहिलो. दहा दिवसांत आवाज गेला.

आता पॉलिश पेपरची गोष्ट. १९८४ साली मी स्वतः तो चालवला होता, आणि तोही हिच्या तंबोऱ्यावर. तंबोऱ्याचा आवाज मंद झाला होता. घोडीवर तारांनी पाडलेल्या बारीक खाचा दिसत होत्या. मला वाटलं, घोडी सपाट केली की झालं. एका दुपारी घासून गुळगुळीत केली. संध्याकाळी हिने तारा छेडल्या तर तंबोरा मुका! सूर होता, पण त्यातला गुंजारव गेला होता. ही काही बोलली नाही. त्या वर्षी गणपतीत गायली मात्र नाही.

पुढच्या सुट्टीत, तंबोरा गोधडीत गुंडाळून, गाड्या बदलत आम्ही मिरज गाठली. महाराष्ट्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! तिथल्या कारागिराने घोडीवरून नुसतं बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. वर्गात चोरी पकडल्यावर पोरं कशी उभी राहतात, तसा मी उभा होतो.

मिरजेचा हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब सतारी-तंबोऱ्यांच्या कामाकडे वळले. तलवारींचे दिवस सरत होते आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती. पंढरपूरच्या बाजूचे मोठे कडू भोपळे हाताशी होते. या घराण्यांचं आडनावच पुढे सतारमेकर झालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, तेही वाद्य दुरुस्त करण्यात वाकबगार होते.

तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी हलका उतार असतो. कंप पावणारी तार त्या उताराला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि मूळ सुराबरोबर वरचे स्वर उमटतात. हीच जवारी. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती नेमक्या जागी खुलवायची. म्हणजे युकुलेलेत जो दोष, तोच इथे जीव! सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास कलकत्त्यात तंबोऱ्याचा आणि वीणेचा अभ्यास केला. तार एखाद्या ठिकाणी छेडली तर काही वरचे स्वर मुळीच उमटू नयेत, असा युरोपात मानलेला नियम होता. आपल्या वाद्यांच्या घोडीमुळे ते स्वरही ऐकू येतात, असं त्यांनी दाखवलं.

त्या कारागिराकडे असलं कुठलंच माप नव्हतं. कानसीचे दोन हात, तार चढवायची, डोळे मिटून ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा दोन हात. सकाळी सुरू केलेलं काम दुपार कलल्यावर संपलं. शेवटी दोरा सरकवताना खोली एकदम भरून गेली. हिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण मानांकन वाद्याच्या गावाला मिळतं. तो कान मात्र एकेका कारागिराचा असतो आणि पुढच्या पिढीच्या हाताशेजारी बसूनच त्याला द्यावा लागतो.

असो. स्पंजाने युकुलेले बरा झाला त्या दिवशी नातीने कोपऱ्यातला तंबोरा छेडला. "आजी, हा पण झणझणत नाही आता," ती म्हणाली. खरंच, घोडीत पुन्हा खाचा पडल्या आहेत. "याला स्पंज चालायचा नाही," ही म्हणाली आणि माझ्याकडे पाहून हसली, चाळीस वर्षांनी पहिल्यांदा या विषयावर. दिवाळीत मिरजेला जायचं ठरवलंय. नातही येणार आहे. घरातला पॉलिश पेपर मी आधीच शेजाऱ्यांना देऊन टाकला आहे!