पेक्षा लहान, पेक्षा मोठं

वर्तुळाचा परीघ व्यासाच्या २२/७ पटीहून कमी आणि २२३/७१ पटीहून जास्त असतो, हे आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध केलं. पण लिहिलं ते वाक्यात. लहान-मोठेपणाला खूण मिळायला पुढे जवळजवळ एकोणीसशे वर्षं गेली.

बरोबरीचं चिन्ह आधी आलं. १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्डने दोन समांतर रेघा ओढल्या. < आणि > छापून आले ते १६३१ मध्ये, लंडनला, थॉमस हॅरियटच्या बीजगणितात. तेव्हा हॅरियटला जाऊन दहा वर्षं झाली होती. वॉल्टर रॅलीच्या पदरी असलेला हा माणूस अमेरिकेच्या किनाऱ्यावर राहून आला, १६०९ मध्ये गॅलिलिओच्याही आधी दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याने त्याचं चित्र काढलं. पण हयातीत पुस्तक छापलं एकच, तेही व्हर्जिनियाच्या मुलखाचं. गणिताचे कागद त्याच्यामागे इतरांनी निवडून-छाटून छापले.

१६३१ मध्येच विल्यम ऑट्रेडनेही आपली वेगळी कोनाकृती चिन्हं छापली. ती इंग्लंडात बरीच वर्षं चालली, पण त्यातलं 'मोठं' कुठलं हे पाठ करावं लागे. हॅरियटच्या चिन्हाचं मिटलेलं टोक लहान संख्येकडे, उघडी बाजू मोठीकडे. शाळेतला मगरीचा जबडा चालतो तो याच जोरावर. 'किंवा बरोबर' दाखवायला १७३४ मध्ये फ्रान्सच्या पिएर बुगेरने त्याखाली दोन रेघा दिल्या.

आज मुलं हमखास अडखळतात ती जागा मात्र हॅरियटच्या छापील पुस्तकात नव्हतीच. ३ − २क्ष < ११ घ्या. दोन्हीकडून ३ वजा केले की −२क्ष < ८. आता −२ ने भागायचं तर चिन्ह उलटवायचं: क्ष > −४. कारण २ हे ५ पेक्षा लहान, पण −२ हे −५ पेक्षा मोठं. ब्रह्मगुप्ताने धन-ऋणाचे नियम ६२८ मध्येच मांडले होते. हॅरियटच्या कागदांतही ऋण उत्तरं होती. छापताना ती गाळली गेली.

साध्या समीकरणातून एक संख्या हाती येते. क्ष > −४ मध्ये मात्र संख्यारेषेवरच्या −४ च्या उजवीकडच्या सगळ्याच येतात. १८२० च्या दशकात फूरिएने अशा अनेक असमानता एकत्र हाताळल्या. १९४७ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या नियोजनात गुंतलेल्या जॉर्ज डँटझिगने त्यातून सर्वांत फायद्याचं उत्तर काढणारी सिम्प्लेक्स पद्धत दिली. माल, मजूर, वेळ यांच्या अटी 'नेमकं इतकं' अशा क्वचितच असतात. बहुतेक 'इतक्यापर्यंत' अशाच असतात.