जाणाऱ्यांचं गाव

जूनच्या अखेरीस सलालाहला खरीफ लागतो. बाकीचा ओमान भाजून निघत असताना इथल्या डोंगरांवर धुकं उतरतं, भुरभुर पाऊस सुरू होतो आणि रस्त्याकडेला शहाळी-केळ्यांच्या टपऱ्यांवर झुंबड उडते. नैर्ऋत्येचं जे वारं इथे नुसतं शिंपडून जातं, तेच पुढे राजापूर तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावावर कोसळतं. इथले माड बघून प्रत्येक मराठी माणूस हरखतो आणि म्हणतो, गावच्या शांततेची सर मात्र कशालाच नाही. मीही पुष्कळ वर्षं तेच म्हणत आलो.

आजीच्या गोष्टींत ही शांतता कुठेच नव्हती.

आजोबा परळला गिरणीत होते. रस्ते धड नव्हते, त्यामुळे मुंबईला जायचं ते बोटीने. बोट जैतापूरच्या बंदराबाहेर नांगर टाकायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. पडाव हेलकावत असतानाच ट्रंका, फणस, तांदळाची गाठोडी वर चढवायची. बायका किनाऱ्यावर थांबत. "बोट दिसते, मानूस दिसत नाय," आजी सांगायची. मग सगळ्याजणी घरी परतत, कारण गुरं सोडायची असत.

पावसाळ्यात बोटी बंद. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या गावात पोचलं ते एवढंच, की बोट बुडाली. त्या दिवसांत आपल्याकडे बोट येत नाही हे पक्कं ठाऊक असूनही, आजोबांचं कार्ड येईपर्यंत आजीच्या घशाखाली घास उतरला नाही. कार्डात बुडालेल्या बोटीचा उल्लेखसुद्धा नव्हता. लावणी आटोपली का, एवढं विचारलं होतं.

लावणी तिनेच आटोपली होती. नांगराला बाईने हात लावायचा नाही, असा गावचा रिवाज. दीर तापाने पडले, गडी मिळेना, तेव्हा तिने अंधारात उठून एक कुणगा स्वतः नांगरला. हे तिने मला फार उशिरा सांगितलं, तेही आजोबा गेल्यानंतर.

आजोबांच्या गोष्टी वेगळ्या. गावकीच्या एका खोलीत वीस-तीस माणसं. एक पाळी कामावर निघाली की दुसरी तिच्याच जागेवर पथारी टाकायची. जेवण खानावळवालीकडे, आणि दामोदर हॉलमध्ये नमन किंवा शक्तीतुरा असला की अख्खी खोली तिकडे. मोहल्ल्यातले चाचा त्याही पलीकडचं सांगत. ते जहाजावर खलाशी होते. आखातातल्या बंदरांत तेव्हा आपलाच रुपया चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिथल्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि ओमानात त्या १९७० पर्यंत चालल्या. म्हणजे मी इथे येण्याच्या कितीतरी आधी आमच्या किनाऱ्याची माणसं इथे राबून गेली होती. आमच्या घराला 'परदेशी गेलेलं पहिलं' म्हणतात, ते खरं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळसे परत आत गेलेच नाहीत. बाबाही त्यांतलेच. काही महिने ते गावी होते, मग एका ओळखीच्या माणसाने मस्कतचं काम मिळवून दिलं. मनीऑर्डरच्या जागी ड्राफ्ट येऊ लागला. आईचा दिवस मात्र आजीच्याच दिवसासारखा उगवत राहिला: पाणी, गोठा, शेत, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी, आणि आम्ही मुलं.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. राज्यात इतकं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्यात नव्हतं. मुलींवरच्या मायेचं हे लक्षण म्हणून कुणी सांगितलं, तर मला ते पटत नाही. पुरुष तिथे नव्हते, एवढाच त्याचा मुख्य अर्थ आहे. आणि ज्या शांततेसाठी आम्ही इथे बसून झुरतो, ती आम्हीच निघून गेल्यामुळे झाली. आम्ही तिला सुंदर म्हणतो. तिच्यात ज्या राबल्या त्यांना ती कशी वाटली, हे विचारायला मी तरी फार वेळ लावला.

परक्या मुलखात मन रमत नाही, हे दुःख खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण त्याला ऐकणारे मिळतात. मंडळं आहेत, दिवाळी अंक आहेत. मागे राहिलेल्यांचा हिशेब कोण मांडणार?

गेल्या मे महिन्यात जमिनीचा सातबारा काढला. आजी जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिचं नाव अजून 'इतर हक्क' या रकान्यात आहे. आईचं कुठेच नाही. नवऱ्याने अर्ज दिला, तर त्याच्या जमिनीला बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. धाकटा भाऊ म्हणाला, आता या वयात कशाला? बाबा काही बोलले नाहीत. चष्मा शोधला, अर्ज दोनदा वाचला आणि सही केली. आईला सांगितलं, तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, "तो नदीकडचा कुणगा पण त्यात आला ना?"