विंचवाने शिकवलेलं हृदयशास्त्र

कोकणी माणसाला विंचू नवा नाही. जांभ्याचे गडगे, कौलारू छपरं, परसातला लाकूडफाटा, गोठ्यालगत रचलेला पेंढा या सगळ्या त्याच्या हक्काच्या जागा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण-खेडपासून कशेडी घाटापलीकडच्या पोलादपूर-महाडपर्यंत काळा आणि लाल असे दोन्ही विंचू आढळतात. काळा दिसायला दांडगा, पण जिवावर उठतो तो लहानखुरा लाल. फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७९८ साली या जातीची शास्त्रीय नोंद केली. पुढे १९०० साली पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने तिच्या इथल्या प्रकाराला कोकणावरूनच ‘कॉन्कॅनेन्सिस’ असं नाव दिलं.

प्राण्याची ओळख अशी जुनी. त्याच्या विषाने माणूस नेमका कशाने मरतो, याचा उलगडा मात्र फार उशिरा झाला. उन्हाळ्याच्या अखेरीला किंवा भातकापणीच्या दिवसांत कुणाला तरी दंश व्हायचा. मग विंचू उतरवणाऱ्याला बोलावणं जायचं, दंशावर पाला चोळला जायचा, आणि त्यात रात्र सरायची. दवाखान्यात पोचलेल्यांचंही फारसं वेगळं नसे. अॅट्रोपिन, स्टिरॉइड, गुंगी आणणाऱ्या औषधांचं मिश्रण, जे हाताशी असेल ते दिलं जाई. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या दंशांविषयी लिहिलं. फुप्फुसात पाणी होऊन रोगी दगावतात हे दिसत होतं. ते थांबवायचं कसं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्याच दशकात मुंबईत हृदयाचं शास्त्र मोठ्या झेपा घेत होतं. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८मध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं रोपण केलं, त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रोगी काही तासांतच गेला, तरी देशातले तरुण डॉक्टर या शास्त्राकडे ओढले गेले. हृदयरोगतज्ज्ञ व्हायचं तर मुंबई-पुण्याचं मोठं रुग्णालय, तिथली यंत्रं आणि तिथले गुरू, हीच वाट सर्वांना ठाऊक होती. कोकणातल्या हृदयांचा प्रश्न मात्र एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सुटायला सुरुवात झाली.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी केंद्रात रुजू झाले. जन्म १९५१चा, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचा, एम.बी.बी.एस. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून. विंचवाचे रोगी डोळ्यांदेखत जाताना पाहून त्यांनी साधा, पण चिकाटीचा मार्ग धरला. रोग्याच्या उशाशी बसायचं, नाडी आणि रक्तदाब मोजत राहायचं आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचं.

या नोंदींतून दंशाचा क्रम उलगडत गेला. आधी उलट्या, अंगभर दरदरून घाम, तोंडाला लाळ, पुरुषांत आणि लहान मुलग्यांतही लिंगाला ताठरता. मग हातपाय बर्फासारखे गार, नाडी धावती, रक्तदाब चढलेला. काही तासांनी धाप, खोकला आणि तोंडातून गुलाबी फेस. गंमत म्हणून हसण्यावारी नेलेलं किंवा लाजेने दडवलेलं एखादं लक्षणही पुढच्या धोक्याची वर्दी देतं, हे त्यांनी ओळखलं. १९८२ साली ‘लॅन्सेट’ने त्यांचा निबंध छापला, त्याचा विषयच हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना देणारी लक्षणं हा होता.

या लक्षणांमागे शरीरात घडतं ते असं. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं. तंतू थांबायचं नाव घेत नाहीत आणि अॅड्रिनालिन, नॉरअॅड्रिनालिन यांचा रक्तात लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्या अरुंद नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदयाचा डावा कप्पा थकतो आणि रक्ताचा तुंबारा मागे फुप्फुसात साठतो. म्हणजे दंश पायाच्या बोटाला झाला तरी लढाई हृदयाची असते.

बावस्करांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी. केलं आणि शहरात न थांबता ते पोलादपूर-महाड भागात परतले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयाचा भार उतरेल, हे आता स्पष्ट होतं. नायट्रोप्रुसाइड ते काम करतं. पण ते सलाईनवाटे थेंबाथेंबाने द्यावं लागतं आणि त्यावर सतत नजर ठेवावी लागते. खेड्यातल्या केंद्राला ते परवडणारं नव्हतं. प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावरची स्वस्त गोळी मात्र नेमकी त्याच जागी काम करते. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिच्या वापराचा अनुभव प्रसिद्ध झाला.

ही गोळी देण्याची रीतही शिकण्याजोगी आहे. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून मुलाला कडेवर घ्यायचं नाही, झोपवूनच ठेवायचं. दर तीन तासांनी मात्रा पुन्हा द्यायची, आणि मधल्या वेळात तळहात-तळपाय चाचपायचे. गार पडलेले हात कोमट झाले की मूल धोक्याबाहेर येऊ लागलं, हे परिचारिकेला यंत्राविना कळतं. गंभीर रोग्यांमधलं मृत्यूचं प्रमाण पूर्वी तीस टक्क्यांच्या आसपास होतं. प्राझोसिन वेळेत मिळू लागल्यावर ते एक-दोन टक्क्यांवर आलं.

पुढचा टप्पा विंचवाच्या विषावरच्या लशीचा, म्हणजे प्रतिविषाचा. चिपळूणच्या डॉ. नातू आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण रुग्णालयातला तिचा अनुभव २००६ साली प्रसिद्ध केला. महाडला हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रोग्यांची चाचणी केली. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना त्यासोबत लस. दहा तासांनी पहिल्या गटातले ८ जण पूर्ण बरे होते, दुसऱ्या गटातले ३२. हा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

हृदयरोगतज्ज्ञाच्या घडणीत कॅथलॅब लागते, इको लागतो, वर्षानुवर्षांचं शिक्षण लागतं, आणि ते कोकणातही यायलाच हवं. डेरवणला वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२३पासून रत्नागिरीत शासकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. तिथल्या मुलांना परदेशी पुस्तकांतल्या हृदयविकारांबरोबर हा घरचा धडाही पहिल्या वर्षापासून मिळावा. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या कपाटात प्राझोसिन आणि लस तयार असावी. आणि घरात कुणाला विंचू चावला, घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर उतारा शोधत बसू नका. रोग्याला तडक दवाखान्यात न्या.